डायनाचा टाईप ओळखताना: आधी प्रसंग, मग अक्षरं

राजकुमारी डायनाचा एमबीटीआय (माणसांना चार अक्षरांच्या सोळा प्रकारांत बसवणारी व्यक्तिमत्त्व चाचणी) टाईप ठरवायला मी पहिल्यांदा बसलो, तेव्हा दहा मिनिटांत काम उरकलं होतं. लाजरी, हळवी, आतून दुखावलेली, दुसऱ्याचं दुःख पाहून विरघळणारी. म्हणजे आयएनएफपी. वहीत चार अक्षरं लिहिली आणि चहा करायला उठलो. परत येऊन पान वाचलं, तर त्यावर डायनाबद्दल एकही गोष्ट नव्हती. नुसती विशेषणं होती, आणि तीच विशेषणं माझ्या मावशीला लागू पडत होती, आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांना पडत होती आणि मराठीतल्या निम्म्या कवींनाही.

ते पान फाडलं. पुढे जी पद्धत हळूहळू बसत गेली, ती इथे मांडतो. दोन संध्याकाळी आणि एक वही एवढं भांडवल पुरतं. चार अक्षरं मात्र सगळ्यात शेवटी लिहायची.

सिद्धांत, लागतो तेवढाच

कार्ल युंग या स्विस मनोवैज्ञानिकाने १९२१ साली व्यक्तिमत्त्व-प्रकारांची कल्पना मांडली. मन माहिती गोळा करतं ते संवेदनातून (डोळ्यांसमोरचं, हाताला लागणारं; अक्षर एस) किंवा अंतःप्रज्ञेतून (त्यामागचा अर्थ, पुढची शक्यता; अक्षर एन). निर्णय घेतं ते विचाराने (टी) किंवा भावनेने (एफ). आणि या प्रत्येक क्रियेचं तोंड बाहेर असतं (बहिर्मुख, ई) किंवा आत (अंतर्मुख, आय). कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल ब्रिग्ज मायर्स या दोघी मानसशास्त्राच्या रीतसर पदवीधर नव्हत्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी यावरून प्रश्नावली बेतायला घेतली, एक चौथी जोडी घातली (आखून चालणं, जे, की वेळेवर ठरवणं, पी) आणि सोळा प्रकार तयार झाले.

इथे एक ‘भावना’ शब्द नीट समजून घ्या, कारण डायनाच्या बाबतीत सगळं घोडं तिथेच अडतं. युंगच्या लेखी भावना म्हणजे रडू येणं नव्हे. ही गोष्ट मला मोलाची वाटते की नाही, असा निवाडा म्हणजे भावना. हा निवाडा आतल्या मापाने केला तर अंतर्मुख भावना, भोवतालच्या माणसांच्या सुरात सूर मिळवून केला तर बहिर्मुख भावना. ढसाढसा रडणारा माणूसही विचारप्रधान असू शकतो.

आणि राशीभविष्याची सवय बाहेर ठेवा. १९४८ साली बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञाने आपल्या विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘खास तुझं’ म्हणून वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि त्यातली वाक्यं फोररने ज्योतिषाच्या पुस्तकातून उचलली होती. म्हणून वहीत एखादं वाक्य लिहिलं की त्यातलं ‘डायना’ खोडून कोणाचंही नाव घाला. वाक्य तरीही खरं वाटलं, तर ते पुरावा म्हणून चालणार नाही.

वही आखा

चार रकाने करा. काय घडलं. कधी आणि कुठे. कोण सांगतंय. आणि चौथा: त्या जागी राजघराण्यातली दुसरी कोणीही व्यक्ती असती, तर तिने काय केलं असतं? पहिले तीन रकाने कोणीही भरेल. खरी मेहनत चौथ्यात आहे.

माझ्या वहीतली एक ओळ पाहा. ९ एप्रिल १९८७, लंडनचं मिडलसेक्स हॉस्पिटल. एड्सच्या रुग्णांसाठी ब्रिटनमध्ये खास उभारलेल्या पहिल्या कक्षाचं, ब्रॉडरिप वॉर्डचं उद्घाटन. स्पर्शाने एड्स होतो असं लोक मानत होते तो हा काळ. डायनाने हातमोजे न घालता एका रुग्णाशी हस्तांदोलन केलं. फोटोत त्या रुग्णाचा चेहरा नाही, कारण ओळख उघड होऊ नये म्हणून तो पाठमोरा बसायला तयार झाला होता. आता चौथा रकाना. उद्घाटनाला कोणीतरी राजघराण्यातलं गेलंच असतं, फीत कापली असती, वॉर्डातून फेरी मारली असती. म्हणजे तिथे जाणं हा डायनाच्या स्वभावाचा पुरावा नाही, तो नोकरीचा भाग. उघड्या हाताने केलेलं हस्तांदोलन हा पुरावा.

अशा किमान पंधरा ओळी हव्यात. फक्त १९८७ ते १९९७ चे प्रसंग घेऊ नका, राजवाड्याआधीची वर्षंही घ्या. जन्म १ जुलै १९६१, नॉरफॉक. ती सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले, १९६९ मध्ये घटस्फोट झाला आणि मुलांचा ताबा वडिलांकडे गेला. ओ-लेव्हलच्या (आपल्या दहावीसारख्या) परीक्षांत ती नापास झाली, पण मदतीला धावण्याबद्दल शाळेने तिला बक्षीस दिलं. बॅले नर्तकी व्हायचं होतं, उंची आड आली. लग्नाआधी लंडनमध्ये एका बालवाडीत मदतनीस होती. या काळात तिच्या मागे कॅमेरे नव्हते, त्यामुळे या ओळी मला सोन्याच्या वाटतात.

कोण सांगतंय, केव्हा, कशासाठी

मेलेल्या माणसाची चाचणी घेता येत नाही. आपल्या हाती येतात ती इतरांनी केलेली वर्णनं आणि तिने स्वतः सांगितलेलं, आणि दोन्हींत मिसळण आहे.

१९९२ साली अँड्र्यू मॉर्टन यांनी लिहिलेलं तिचं चरित्र घ्या. १९९१ मध्ये डायनाने एका मित्रामार्फत ध्वनिफिती पाठवून त्यासाठी मजकूर पुरवला होता, पण पुस्तक आलं तेव्हा आपला हात नसल्याचंच तिने भासवलं. खरं काय ते १९९७ मध्ये तिच्या मृत्यूनंतर बाहेर आलं. त्या फितींतलं तिचं म्हणणं जरूर वापरा, पण मोडत आलेल्या संसारातली तिशीची बाई आपली बाजू मांडते आहे, हे समासात लिहून ठेवा.

बीबीसीच्या ‘पॅनोरमा’तली मुलाखत तर याहून अवघड. ती २० नोव्हेंबर १९९५ ला प्रसारित झाली आणि ब्रिटनमधल्या सुमारे २ कोटी ३० लाख लोकांनी पाहिली. आपण नियमांच्या पुस्तकाप्रमाणे चालत नाही, डोक्याने नाही तर हृदयाने नेतृत्व करतो, असं तिने त्यात सांगितलं. टाईप ठरवणारे या वाक्यावर तुटून पडतात. मलाही ते महत्त्वाचं वाटतं, पण या मुलाखतीच्या चौकशीच्या २०२१ च्या डायसन अहवालाने दाखवून दिलं की मुलाखतकार मार्टिन बशीर यांनी खोटी बँक-विवरणपत्रं तिच्या भावाला दाखवून तिच्यापर्यंत पोचायची वाट काढली होती. म्हणजे त्या दिवसातली तिची संशयाची छटा स्वभाव म्हणून मोजायची नाही. माणसाला घाबरवून मग ‘बघा, किती भित्री’ म्हणण्यासारखं होईल ते.

कृती निर्मळ दिसली तरी तिच्यात एकापेक्षा जास्त हेतू असू शकतात, हेही ध्यानात घ्या. १९९५ च्या सुमारास डायना रात्री उशिरा, गाजावाजा न करता लंडनच्या एका रुग्णालयात जायची, रुग्णांपाशी बसायची. त्याच रुग्णालयातल्या एका हृदयशल्यविशारदाशी तेव्हा तिचं नातं होतं. यावरून तिची करुणा खोटी ठरत नाही. फक्त ही ओळ एकटी पुरावा म्हणून उभी राहू शकत नाही, एवढंच. माझ्या वहीत अशा ओळींवर पेन्सिलीने अर्धा चंद्र काढलेला असतो.

त्याच कामातली दुसरी माणसं शोधा

चौथा रकाना भरताना कल्पनेवर विसंबू नका, खरी माणसं आहेत. चार्ल्सची बहीण राजकुमारी अ‍ॅन १९७० पासून ‘सेव्ह द चिल्ड्रन’ या मुलांसाठीच्या संस्थेच्या अध्यक्ष होत्या. तेच घराणं, तीच मुलं, तीच आजारपणं आणि दुष्काळ, आणि वर्षानुवर्षं न कंटाळता केलेले दौरे. पण अ‍ॅन यांची शैली कोरडी, नेमकी, अंतर राखून असलेली. दोघींना मुलांची कळकळ आहे हे गृहीत धरलं, की ‘डायना दयाळू होती म्हणून एफ’ हे विधान आपोआप गळून पडतं. दया दोघींकडे आहे. टाईपचा शोध त्या दयेच्या वाटेत आहे.

मराठी वाचकाला दुसरी तुलना जवळची वाटेल. १९८९ मध्ये इंडोनेशियात डायना कुष्ठरुग्णालयात गेली आणि रुग्णांचे हात तिने हातात घेतले. पुढे ती लेप्रसी मिशनची आश्रयदाती झाली. बाबा आमट्यांनी तुळशीराम नावाच्या कुष्ठरुग्णाला पावसात पडलेलं पाहिलं, ते आधी घाबरून पळाले, त्या भीतीची लाज वाटून परत फिरले, आणि त्यातून पुढे वरोऱ्याजवळ आनंदवन उभं राहिलं. भीती ओलांडणारा स्पर्श दोन्हीकडे आहे. आमट्यांच्या हातून मात्र शेती, कारखाने, शाळा, अख्खी वसाहत झाली. डायनाने संस्था उभारली नाही. दुसऱ्यांनी उभारलेल्या संस्थेत ती गेली आणि त्या एका क्षणात काय करायचं ते तिला बिनचूक कळलं. इथे कोण थोर ते ठरवायचं नाही, फक्त मन कुठे चालतं ते पाहायचं.

आता जोड्या घ्या

बहिर्मुख की अंतर्मुख, यावर मी फार वेळ घालवत नाही. जगातली सर्वांत जास्त छायाचित्रं निघालेली बाई म्हणून ती बहिर्मुख ठरत नाही, आणि वृत्तपत्रांनी ‘शाय डाय’ (लाजरी डाय) म्हटलं म्हणून अंतर्मुखही नाही. मला दिसतं ते असं: बालवाडीतली मुलं, रुग्णाच्या खाटेची कड, एकेका मैत्रिणीशी लांबलेले फोन. गर्दीतही ती एकेक माणूस वेचत जायची. झुकतं माप अंतर्मुखतेला, थोडंसंच.

संवेदन की अंतःप्रज्ञा, इथे रेंगाळा. डायना ज्योतिष्यांकडे जायची म्हणून तिला अंतःप्रज्ञावाली ठरवणारे बरेच आहेत. हा निकष आपल्याकडे लावला तर मुहूर्त पाहून फ्लॅटचा ताबा घेणारं अख्खं पुणे त्या गटात जाईल. त्यापेक्षा तिचे कपडे पाहा. मुलांच्या वॉर्डात जाताना ती हॅट घालेनाशी झाली, कारण हॅट घालून मुलाला कुशीत घेता येत नाही. मुलांना हातात धरून खेळता येतील असे ठसठशीत दागिने घालायची. हातमोजे तर केव्हाच सुटले. मुलांशी बोलताना गुडघ्यावर बसून डोळ्याला डोळा. आणि नाच: नोव्हेंबर १९८५ मध्ये व्हाइट हाउसमध्ये हॉलीवूडचा नट जॉन ट्रॅव्होल्टाबरोबर, आणि त्याच डिसेंबरात रॉयल ऑपेरा हाउसच्या रंगमंचावर बॅले नर्तक वेन स्लीपबरोबर, नवऱ्याला, चार्ल्सला, पत्ता लागू न देता तालीम करून. हे शरीराने विचार करणारं मन आहे. हॅट, हात, उंची, अंतर यांची तिला उपजत जाण होती. युंगच्या भाषेत हे बहिर्मुख संवेदन.

भावना की विचार हा प्रश्न नाहीच. भावना आतली की बाहेरची, हा आहे, आणि इथे पुरावा दोन्ही बाजूंनी येतो. आभाराची पत्रं ती स्वतःच्या हाताने आणि तत्परतेने लिहायची, समोरच्याचा मूड झटकन ओळखायची. बहिर्मुख भावनेचा पक्ष यावर उभा राहतो. पण चौथा रकाना विचारा: इंग्रज उमराव घराण्यातल्या मुलीला आभाराची पत्रं लिहायला शिकवलेलंच असतं.

उलट बाजूच्या ओळी जड आहेत. ऑगस्ट १९९१ मध्ये एड्सने मरणपंथाला लागलेल्या मित्रापाशी पोचण्यासाठी ती राजघराण्याची स्कॉटलंडमधल्या बॅल्मोरलची सुट्टी अर्धवट टाकून रातोरात मोटारीने लंडनला आली. जानेवारी १९९७ मध्ये अंगोलातल्या हुआंबोजवळ, हेलो ट्रस्टचे लोक सुरुंग काढत असलेल्या शेतातून छातीवर संरक्षक कवच आणि तोंडापुढे पारदर्शक ढाल लावून ती चालत गेली. सुरुंगांवर बंदी हवी असं ती बोलली, तेव्हा ब्रिटनच्या एका कनिष्ठ संरक्षण मंत्र्याने ती बेभान सुटलेली तोफ आहे अशा अर्थाचे शब्द वापरले. ऑगस्टमध्ये ती त्याच कामासाठी बोस्नियात गेली. आणि घटस्फोटाच्या वेळी, जुलै १९९६ मध्ये, तिने जवळजवळ शंभर संस्थांचं आश्रयदातेपद एका फटक्यात सोडलं. सगळ्यांचं मन राखणाऱ्या, बहिर्मुख भावनेच्या माणसाला हे जमणं कठीण. शंभर संस्था नाराज होणार हे माहीत असूनही आतलं माप ‘पुरे’ म्हणालं आणि तिने ते ऐकलं.

राहिली चौथी जोडी. राजवाड्याची दैनंदिनी दुसरेच लोक आखतात, तेव्हा तिच्या नियोजनाबद्दल या नोकरीवरून काहीच कळत नाही. मी ती जोडी आतली भावना आणि बाहेरचं संवेदन यांच्या जोडणीवरून काढतो, ती पी येते, आणि पुढे सरकतो.

स्वतःच्या उत्तराला धक्का द्या

इथवर आलात की मनात उत्तर तयार झालेलं असतं. माझं झालं होतं: आयएसएफपी. आता वहीची नवी बाजू उघडून फक्त विरोधी प्रसंग लिहा.

डायनाला कॅमेरा कळत होता. फेब्रुवारी १९९२ मध्ये ताजमहालासमोरच्या बाकावर एकटी बसून तिने जो फोटो काढू दिला, त्याने दहा पानी मुलाखतीचं काम केलं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात चार्ल्सपासून विभक्त होत असल्याची घोषणा संसदेत झाली. अंगोलात काही छायाचित्रकारांना हवा तो फोटो मिळाला नव्हता, तर ती त्याच वाटेने दुसऱ्यांदा चालली. ‘पॅनोरमा’ची मुलाखत ५ नोव्हेंबरला, सुट्टीच्या दिवशी, नोकरचाकर नसताना गुपचूप चित्रित झाली. ही तर दूरवर पाहणारी, डाव मांडणारी बाई झाली. म्हणजे ईएनएफजे?

या प्रश्नावर मी आठवडाभर अडलो होतो. मग परिणामांचा धागा धरला. त्याच मुलाखतीत तिने आपल्याला घटस्फोट नको असल्याचं सांगितलं होतं. महिन्याभरात, डिसेंबर १९९५ मध्ये, राणीने दोघांना पत्रं लिहून लवकर घटस्फोट घेण्याचा सल्ला दिला. २८ ऑगस्ट १९९६ ला तो झाला आणि ‘हर रॉयल हायनेस’ ही उपाधीही गेली. म्हणजे एक क्षण, एक चौकट, एक वाक्य यांवर तिची पकड जबरदस्त होती. त्या क्षणानंतर चार चाली पुढे काय होईल, याचा अंदाज मात्र चुकला. बाकावरचा फोटो आणि सुरुंगातली दुसरी फेरी पुन्हा वाचा: दोन्हींत डाव लांबचा नाही, समोरची चौकट अचूक साधलेली आहे. तीव्र संवेदन आणि दुबळी अंतःप्रज्ञा असं हे चित्र आयएसएफपीलाच जुळतं. तुम्हाला हे पटलं नाही तर उत्तम, पण विरोध प्रसंगानेच करा.

जे अक्षरांत मावत नाही ते बाजूला लिहा

लग्नानंतरच्या काळात आपल्याला बुलिमिया (अतोनात खाऊन मग उलटी काढण्याचा विकार) होता, असं डायनाने स्वतः सांगितलं आणि १९९३ मध्ये खाण्याच्या विकारांवर जाहीर भाषणही केलं. भावनिक चढउतार, एकटं पडण्याची भीती, नाती अचानक तोडणं यांच्या आठवणी अनेकांनी सांगितल्या आहेत. हे सगळं एमबीटीआयच्या कुठल्याच अक्षरात बसत नाही. कोस्टा आणि मॅक्रे या मानसशास्त्रज्ञांनी १९८९ मध्ये ही चाचणी पंचघटक प्रतिमानाशी (स्वभाव पाच घटकांत मोजणाऱ्या मांडणीशी) ताडून पाहिली, तेव्हा चार जोड्या चार घटकांशी कमीअधिक जुळल्या. पाचव्या घटकाला, भावनिक अस्थिरतेला, जोडच मिळाली नाही. म्हणून वहीत त्यासाठी वेगळं पान ठेवा. ते रिकामं सोडून तिची दुःखं ‘आयएसएफपी असंच वागतात’ म्हणून निकाली काढू नका.

आणि त्या पानावर आजारांची नावं लिहू नका. अमेरिकेत १९६४ च्या निवडणुकीत एका मासिकाने बॅरी गोल्डवॉटर या उमेदवाराबद्दल मनोविकारतज्ज्ञांची मतं छापली. त्या प्रकरणानंतर, न तपासलेल्या सार्वजनिक व्यक्तीचं निदान करायचं नाही, असा नियम तिथल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये केला. तज्ज्ञांनाच जिथे मनाई आहे, तिथे वही घेऊन बसलेल्या आपल्याला परवानगी कोणी दिली? आजार तिने सांगितला तेवढाच.

उत्तर लिहिताना

नुसती चार अक्षरं लिहू नका. खात्री किती, सगळ्यात जड तीन ओळी कोणत्या, दुसऱ्या क्रमांकाचा प्रकार कोणता आणि काय सापडलं तर मत बदलेल, एवढं लिहा. माझं पान असं आहे: आयएसएफपी, खात्री मध्यम. जड ओळी: ब्रॉडरिप वॉर्डमधला उघडा हात, बॅल्मोरलहून रातोरात येणं, शंभर संस्था सोडणं. दुसरा क्रमांक ईएसएफपी, कारण पहिल्या जोडीचा निकाल फार निसटता आहे. त्या काळातल्या खासगी पत्रांतून वर्षं-दोन वर्षं पुढचं आखलेलं काही दिसलं, तर फेरविचार.

आयएनएफपी मात्र मी खोडलं, आणि ते एका ओळीमुळे. शंभर संस्था सोडताना तिने सहा राखल्या. बेघर तरुणांसाठीची सेंटरपॉइंट, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हे मुलांचं रुग्णालय, लेप्रसी मिशन, नॅशनल एड्स ट्रस्ट, कर्करोगाचं रॉयल मार्सडन रुग्णालय. आणि सहावी, इंग्लिश नॅशनल बॅले.